वरचा मजला, खालच्या खोल्या

भाच्याचं विमान दसऱ्याच्या पहाटे तीनचं. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला आला. खंडेनवमीच्या रात्री मोशीतून दोन गाड्या भरून माणसं मुंबईला निघाली. तिकीट काढण्याआधी दाजींनी गुरुजींना फोन केला होता. सीमोल्लंघनाचा दिवस, साडेतीन मुहूर्तांतला एक. गुरुजी म्हणाले, वेगळा मुहूर्त कशाला बघता. इकडचं पंचांग पाहून झालं. पोरगं जिथे उतरणार होतं तिथलं कॅलेंडर कोणी उघडलं नाही.

३ ऑक्टोबर हा जर्मनीच्या एकीकरणाचा दिवस, १९९० पासूनची राष्ट्रीय सुटी. त्या दिवशी दुकानं बंद, कचेऱ्या बंद. त्या वर्षी ती शुक्रवारी आली. शनिवारी दुकानं उघडतात, कचेऱ्या उघडत नाहीत. रविवारी पुन्हा दोन्ही बंद. भाचा २ तारखेला संध्याकाळी सातला केम्निट्सला उतरला तेव्हा वसतिगृहाची कचेरी बंद झालेली होती. किल्ली मिळणार सोमवारी, ६ तारखेला. मध्ये चार रात्री.

दोन वर्षं तयारी केलेल्या मुलाची ही पहिली रात्र.

तयारी काय काय केली होती, तेही सांगतो. पदवीचे कागद खरे असल्याचं एपीएसचं प्रमाणपत्र, जे १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना सक्तीचं झालं. वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो एका गोठवलेल्या खात्यात. आपल्या पैशात सव्वाबारा लाखांच्या आसपास, आणि त्यातून महिन्याला फक्त ९९२ युरो काढता येतात. आरोग्य विमा. इंग्रजीची परीक्षा, जर्मनचा पहिला टप्पा. 'मला हा अभ्यासक्रम का शिकायचा आहे' यावर दोन पानी निबंध, तोही दुसऱ्याने लिहून दिलेला. व्हिसाची तारीख. एका सल्लागाराने या सगळ्याची चांगली फी घेतली आणि फाईल रंगीत खुणा लावून तयार करून दिली. फाईलमध्ये काहीच कमी नव्हतं.

त्या दोन वर्षांत त्या मुलाला एकाने तरी विचारलं का, की बाबा, तुला भात लावता येतो का? मी मामा. मीही नाही विचारलं.

विचारलं खालच्या खोलीतल्या फिटरने.

मोशीचं हे घर आधी समजून घ्या. १९९७ मध्ये मोशी पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली तेव्हा दाजींच्या वडिलांकडे शेत होतं. आता शेतावर तीन मजले आहेत. वरच्या दोन मजल्यांवर घरचे राहतात, तळमजल्यावर दहा बाय दहाच्या आठ खोल्या. एकेका खोलीत तिघं-चौघं, सगळे चाकणच्या कारखान्यांत कामाला. परभणी, हिंगोली, नांदेड, बुलढाण्याची मुलं. आयटीआय झालेली, ठेकेदाराकडून लागलेली, पहाटे साडेपाचला कंपनीच्या बससाठी रस्त्यावर उभी राहणारी. मोशी, चिखली, निघोजे, कुरुळी, म्हाळुंगे, खराबवाडी, सगळीकडे हीच रचना दिसेल. मालक वर, भाडेकरू खाली, जिना एक.

यातला एक फिटर परभणीचा. वय भाच्याहून जेमतेम दोन वर्षांनी जास्त. सप्टेंबरात तो वर भाडं द्यायला आला तेव्हा बहीण पोराच्या बॅगेत कुकर बसवत होती. तो म्हणाला, "काकू, कुकर देताव, पण दादाला लावता येतो का?"

नव्हता येत.

त्यानंतर तीन गुरुवार भाचा खालच्या खोलीत स्वयंपाक करायला शिकला. गुरुवार, कारण आमच्या पट्ट्यात औद्योगिक सुटी गुरुवारची. तांदळावर पाणी किती, तर बोटाचं एक पेर. डाळ-तांदूळ एकत्र लावले की गॅस वाचतो आणि भांडंही एकच पडतं. कांदा महाग झाला की कोबी. कपडे उलटे करून वाळत घालायचे. पगाराच्या दिवशी भाडं आधी बाजूला काढायचं, मग मेस, मग घरी पाठवायचं, राहिलं ते आपलं. भाच्याने ते ९९२ युरोंवर लावून पाहिलं: आधी खोली, मग विमा, मग पोट. हिशेब बसला. सल्लागाराच्या फाईलमध्ये हे पान नव्हतं.

आणि एक गोष्ट फिटरने शेवटच्या गुरुवारी सांगितली. "पहिल्या आठवड्यात घरी फोन कमी करा दादा. आन केलाच तर खोटं बोलू नका. एकदा बोललं की रोज बोलावं लागतंय."

विमानतळावर शेवटची धांदल तुपावरून झाली. आईने दोन किलो साजूक तूप आणि पेढ्यांचा खोका भरला होता. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाला दूध-तुपाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, हे पार्किंगमध्ये एका अनोळखी विद्यार्थ्याकडून कळलं. तुपाची बरणी ड्रायव्हरच्या घरी गेली. बहीण विरजणापासून लोण्यापर्यंत सगळं हाताने करते. ती गाडीत बसून रडली ती मुलगा गेला म्हणून, आणि तूप राहिलं म्हणूनही. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. दोन्ही एकच रडणं होतं.

आता २ तारखेची रात्र. आपल्याकडे साडेअकरा, तिकडे आठ. बहीण जिन्यात बसली होती, कारण घरात रेंज येत नाही. खालच्या पायरीवर फिटर बसला होता. शहरात २०१९ पासून दिवसाआड पाणी, त्या रात्री पाण्याची पाळी होती आणि मोटर बंद करायचं काम त्याच्याकडे होतं. व्हिडिओ कॉल आला. पोरगं हसत होतं. "मस्त आहे आई. रूम छान आहे. जेवलो." बहीण सुखावली. कॅमेऱ्यात त्याच्या मागे नुसती भिंत होती.

फोन ठेवला तसा फिटर म्हणाला, "काकू, दादा रूमवर नाही. स्टेशनवर हाये. मागं ऐकलं नाही का, गाडी पुकारायलेत."

त्याला कसं कळलं? त्याचीही पहिली रात्र अशीच गेली होती. परभणीहून आला तेव्हा वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर रात्रभर बसून होता, आणि आईला फोनवर म्हणाला होता, रूम मिळाली, जेवलो. मागे कंडक्टर ओरडत होता. आईला ते ऐकू आलं नाही की तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, ते त्याने कधी विचारलेलं नाही.

बहिणीने परत फोन लावला. तिला शब्द सापडेनात, म्हणून फोन फिटरच्या हातात दिला. तो एवढंच म्हणाला, "दादा, वसतिगृहाकडं परत जा. खाली उभं राहा आन वास घ्या. आपली पोरं फोडणीच्या वासावर सापडतेत."

सापडली. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून मोहरी-कढीपत्त्याचा वास येत होता. भाच्याने त्या ओळीतली बेल दाबली. दार उघडलं ते एका तेलुगू मुलाने. त्याला मराठी येत नाही, याला तेलुगू येत नाही. त्याने ताट वाढलं, जमिनीवर गादी घातली आणि पुढच्या चार रात्री काही विचारलं नाही. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत जवळपास ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते. चिन्यांना मागे टाकून परदेशी विद्यार्थ्यांत ते आता पहिल्या नंबरावर आहेत. या आकड्याचा अभिमान ज्याला बाळगायचा त्याने बाळगावा. मला त्यातला दार उघडणारा एक मुलगा पुरेसा वाटतो.

१८८३ मध्येही तसंच होतं. आनंदीबाई जोशी अठरा वर्षांच्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा धक्क्यावर त्यांना घ्यायला रोझेलच्या कार्पेंटरबाई आल्या होत्या. या बाईंनी दातांच्या डॉक्टरकडे वाट बघताना एका मासिकात आनंदीबाईंच्या नवऱ्याचं, गोपाळरावांचं पत्र वाचलं होतं आणि आपणहून लिहिलं होतं. तीन वर्षं पत्रं चालली, तेव्हा कुठे ती भेट झाली. आनंदीबाईंच्या जिद्दीवर आपण नाटकं केली, कादंबऱ्या लिहिल्या, सिनेमा काढला, आणि ते योग्यच आहे. धक्क्यावर उभ्या राहिलेल्या बाईंना मात्र आपण तळटीपेत ठेवलं. परदेशी गेलेल्याचे पहिले पंधरा दिवस त्याच्या हुशारीवर फार थोडे अवलंबून असतात. ते अवलंबून असतात दारात कोण उभं आहे यावर.

केम्निट्स हे काय गाव आहे, तेही पाहू. पूर्व जर्मनीच्या काळात, १९५३ ते १९९०, त्याचं नाव कार्ल मार्क्स श्टाट होतं. मार्क्सचं सात मीटरहून उंच डोकं अजूनही चौकात आहे. २०२५ मध्ये ते युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं. पण त्याआधीची त्याची ओळख 'साक्सनीचं मँचेस्टर' अशी. गिरण्या, यंत्रं, आगगाडीची इंजिनं. १९३२ मध्ये चार मोटार कंपन्या एकत्र येऊन ऑटो युनियन झाली. तिचं मुख्यालय याच गावात होतं. ऑडीच्या बोनेटवरची चार कडी म्हणजे त्याच चार कंपन्या. फोक्सवागनचा इंजिनांचा कारखाना आजही तिथे आहे.

म्हणजे आमचा मुलगा मोशीतून निघाला आणि तिथल्या भोसरीत, कारखान्यांच्याच गावात पोचला. २००९ मध्ये चाकणला फोक्सवागनचा कारखाना सुरू झाला तेव्हा तो शाळेत जायला लागला होता. मर्सिडीजही त्याच वर्षी चाकणला आली. त्याच्यासाठी जर्मनी म्हणजे नाशिक रस्त्यावरची पाटी होती, जिच्याखालून रोज हजारो माणसं शिफ्टला जातात. त्या पाटीच्या आत काय चालतं हे त्याला कधी दिसलं नाही. खालच्या खोलीतल्या चौघांना रोज दिसतं.

पुढचे महिने लवकर सांगतो. कचऱ्याचे चार डबे, आणि चुकीच्या डब्यात टाकलं तर शेजारीण थांबवून समजावते. प्लॅस्टिकची बाटली परत केली की २५ सेंट मिळतात. रात्री दहानंतर आवाज नाही. रेडिओ-टीव्ही असो वा नसो, प्रत्येक घरामागे महिन्याला १८.३६ युरोचं प्रसारण शुल्क, आणि त्याचं पत्र आपण विसरलो तरी येतं. रविवारी दुकानं बंद, त्याचं भाच्याला नवल वाटलं. भोसरीशेजारी वाढलेल्याने त्याचं नवल करू नये. गुरुवारी भोसरीच्या लांडेवाडीत स्क्रू मिळत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे गेली, साडेतीन तासांचा फरक साडेचारचा झाला, आणि बहीण त्या दिवशी एक तास जास्त जिन्यात बसली. डिसेंबरात तिथे दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. वर्गातून बाहेर आलं की रात्र. याबद्दल त्याने काही सांगितलं नाही, पण फोन वाढले. त्याचा अर्थ आईला कळला.

या सगळ्यात एकच गोष्ट अशी होती जिच्यावर बाकीचं उभं राहतं: पत्त्याची नोंदणी. आनमेल्डुंग. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या कचेरीत जाऊन सांगायचं की मी अमुक घरात राहतो. त्यासाठी घरमालकाचा सहीचा दाखला लागतो. २०१५ पासून तो देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. दिला नाही तर मालकाला हजार युरोपर्यंत दंड. या नोंदणीवर पुढे सगळं अडतं. बँक तोच कागद मागते, वास्तव्याचा परवाना काढणारी कचेरी तोच मागते. अनामत रक्कमही तिथे मालकाला मनाला येईल तेवढी घेता येत नाही. निव्वळ भाड्याच्या तिपटीची मर्यादा आहे, ती तीन हप्त्यांत देता येते, आणि मालकाला ती स्वतःच्या पैशांपासून वेगळी ठेवावी लागते.

त्या पहिल्या पंधरवड्यात दाजींनी रोज एकच प्रश्न विचारला. "मालकाने कागद दिला का रे?" सकाळी विचारला, रात्री विचारला. माणूस झोपत नव्हता. आपल्या पोराला परक्या गावात कोणी कागदाशिवाय ठेवलं तर त्याचं काय होईल, हे त्यांना पुरतं कळत होतं. १३ ऑक्टोबरला नोंदणी झाली तेव्हा त्यांनी पेढे वाटले.

तो पेढा हातात घेऊन मी विचारलं, "दाजी, खाली आठ खोल्यांत मिळून तुम्ही किती कागद दिलेत?"

एकही नाही.

मी हे भांडण जाहीर करतोय, कारण ते फक्त आमच्या घरातलं नाही. मोशीपासून आंबेठाण चौकापर्यंत ज्यांच्या तळमजल्यावर खोल्या आहेत त्या प्रत्येक घरातलं ते आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. त्याचं ५५ वं कलम सांगतं की भाड्याचा करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जर्मनीत मालकावर जे बंधन आहे तसंच इथे आहे, आणि इथलं सोळा वर्षांनी जुनं आहे.

दाजींचं म्हणणं ठरलेलं. "कागद दिला की पोरं हक्क सांगत्यात. घरात बसत्यात."

दाजी, उलट आहे. त्याच कलमात पुढे लिहिलंय: लेखी नोंदवलेला करार नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जाईल, तुम्ही तसं नव्हतं हे सिद्ध करेपर्यंत. कागद नसल्याने तुम्ही सुरक्षित नाही, उघडे आहात. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स केला तर मुदत संपल्यावर खोली सोडवून घ्यायला कायद्यात सक्षम प्राधिकारी आहे. तुमचं भय ज्या रोगाचं आहे त्याचं औषध तुम्ही घेत नाही. खर्च? महापालिकेच्या हद्दीत नोंदणीचे हजार रुपये, एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक, आणि घरी येऊन अंगठे घेणाऱ्याची फी. मुलासाठी तुम्ही सव्वाबारा लाख गोठवून ठेवलेत.

पोलीस पडताळणीचा फॉर्म मात्र आठही खोल्यांचा भरलेला होता. हे लक्षात घ्या. भाडेकरू चोर निघाला तर शोधता यावा म्हणून लागणारा कागद आपण करतो. तो माणूस म्हणून इथे राहतो, हे सांगणारा कागद करत नाही.

त्या कागदावाचून काय अडतं, हे मी खालच्या खोलीत बसून विचारलं. आधारवर पत्ता परभणीचाच. गॅसचं कनेक्शन नाही. लहान सिलिंडर बाजारातून कसाबसा भरून आणायचा. बँकेचं खातं गावाकडच्या शाखेत. एकाला बाळ झालं, बायकोला इथे आणायचं होतं, सरकारी दवाखान्यात पत्ता मागितला, त्याच्याकडे द्यायला पत्ता नव्हता. तो चार वर्षं त्याच खोलीत राहतो आहे. चार वर्षं चाकणमध्ये गाड्या बनवतो आहे. खोली सोडणाऱ्यांची दहा हजारांची अनामत रंगकामात जिरते. आठ खोल्यांना रंग कधी लागला, मला आठवत नाही.

सरकारचं म्हणाल तर, दुसऱ्या राज्यातून आणलेल्या कामगारांसाठी १९७९ मध्ये केंद्राने कायदा केला. त्यात प्रवासभत्ता होता आणि राहण्याच्या जागेची जबाबदारी ठेकेदारावर होती. तो किती पाळला गेला हा वेगळा विषय आहे. पण परभणीचा मुलगा त्या व्याख्येत कधी बसलाच नाही. तो चाकणला येताना जवळपास चारशे किलोमीटर येतो, पण राज्याची सीमा ओलांडत नाही. आमच्या पोराचं सीमोल्लंघन दोन गाड्या भरून साजरं झालं. याचं सीमोल्लंघन कायद्याला दिसत नाही.

आणि शहराला? पिंपरी-चिंचवड १९७० मध्ये नगरपालिका झालं, १९८२ मध्ये महापालिका. चार खेड्यांचं एवढं मोठं गाव झालं ते बाहेरून आलेल्यांच्या जोरावर. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सला आलेले, टेल्कोला आलेले, बजाजला आलेले. त्यांतले कित्येक कॉट बेसिसवर राहिले, एकेका खोलीत तीन शिफ्टचे तिघं, एकच कॉट आळीपाळीने. माझे वडील त्यांतलेच. बार्शीहून पत्र्याची ट्रंक घेऊन आले आणि पहिले आठ दिवस आकुर्डीत एका ओळखीच्याच्या ओट्यावर झोपले. त्यांना हे सगळं माहीत होतं: पेराने पाणी कसं मोजायचं, आधी भाडं कसं काढायचं, फोडणीच्या वासावर गाववाला कसा शोधायचा. भाच्याने आजोबांना विचारलं असतं तर त्यांनी तासाभरात शिकवलं असतं. ते दोन वर्षांपूर्वी गेले. आमच्या पिढीने ते दिवस मुलांपासून लपवले, गरिबी म्हणून. तो अनुभव होता आणि आपण तो टाकून दिला. मग तोच विकत घ्यायला सल्लागाराकडे गेलो, आणि त्याच्याकडे तो नव्हता.

ज्या शहराला आपली पहिली रात्र आठवते, ते नव्या माणसासाठी काय करेल? फार नाही. वल्लभनगरच्या आणि चाकणच्या स्टँडवर एक खिडकी: आज रात्री कुठे झोपता येईल, भाडं साधारण किती, करार कसा करायचा, मेस कुठे, दवाखाना कुठे. वसतिगृहं, जिथे महिन्याने कॉट मिळेल आणि पावतीही. कंपन्यांना स्वतःच्या इंजिनिअरांसाठी गेस्ट हाउस उभारता येतात, तर ठेकेदाराच्या ट्रेनीसाठी पहिला आठवडा का नाही? जर्मनीत आमच्या मुलाला विद्यापीठाच्या खाणावळीत स्वस्त जेवण मिळतं, कारण विद्यार्थ्यांच्या पोटाची आणि खोलीची काळजी घेणारी वेगळी संस्था जवळजवळ प्रत्येक विद्यापीठाच्या गावात आहे. तिला सरकार पैसे देतं. विद्यार्थी हुशार आहेत म्हणून देत नाही. परक्या गावात आलेला तरुण जेवला तर शिकेल, एवढ्यासाठी देतं. वेल्डिंगच्या खोलीत उभा राहणारा तरुणही जेवला तरच हात स्थिर ठेवेल.

हे सगळं दाजींना मी ओरडून सांगितलं. बहीण चहा घेऊन आली आणि दारात थांबली. ती ओरडली नाही. म्हणाली, "त्या रात्री पोरगं स्टेशनवर आहे हे मला कळलं नाही. त्याला कळलं. त्याचा कागद करा."

दाजी गप्प बसले. मग म्हणाले, "त्याच्या एकट्याचाच का मग? बाकीचे काय म्हनतील."

पहिल्या दोन खोल्यांचे करार गेल्या गुरुवारी झाले. अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस आला, जिन्यातच बसला, तिथे रेंज येते. दाजींनी अंगठा लावला, मग फिटरने. फिटरच्या अंगठ्याची रेषा मशीनला दिसेना. लोखंडाच्या कामाने ती घासून गेली होती. चारदा पुसला, तेल लावलं, शेवटी मधल्या बोटावर घेतलं. पत्त्याच्या रकान्यात मोशीचं नाव पहिल्यांदा आलं तेव्हा त्याने फोटो काढून परभणीला पाठवला. केम्निट्सलाही पाठवला.

सहा खोल्या राहिल्या आहेत. दोघांची गुरुवारीही दुसरी शिफ्ट असते, त्यांना सकाळी अकराच्या आत गाठावं लागेल. येत्या गुरुवारी मी मोशीला जातो आहे.